ठासणीची बंदूक, बुणगे आणि मॉनमथचं मैदान

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांना मी भेटेल तिथे सांगत असते, की जूनमध्ये एका वीकेंडला मॉनमथ बॅटलफील्ड स्टेट पार्कमध्ये लढाईची रीएनॅक्टमेंट असते (त्या काळचे पोशाख घालून लढाई पुन्हा करून दाखवतात) ती मुलांना दाखवाच, पण दुपारी फक्त लढाईच्या वेळेला जाऊन लगेच परत फिरू नका, सकाळीच पोचा आणि आधी छावणी बघा. लढाईत धूर आणि आवाज असतो, मुलं जाम खूश होतात, पण माणसं कशी राहायची, काय खायची, कशाला घाबरायची हे सगळं छावणीत कळतं. एडिसनहून गाडीने पाऊण तासाच्या आत पोचतो आपण, म्हणजे लांब पडतं असंही नाही.

ज्यांना ही लढाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, तारीख २८ जून १७७८. ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया सोडलं आणि जनरल क्लिंटन सगळी फौज, तोफा आणि मैलोन्‌मैल लांब सामानाच्या गाड्या घेऊन न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे निघाला होता, अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनने त्याची पिछाडी इथे गाठली. सुरुवातीला चार्ल्स लीच्या हाताखालची अमेरिकन तुकडी मागे हटली, वॉशिंग्टन स्वतः पुढे आला, पळणारी माणसं थांबवून त्याने फळी पुन्हा उभी केली (लीचं नंतर कोर्ट मार्शल झालं) आणि मग भर उन्हात दिवसभर तोफा चालल्या. रात्री ब्रिटिश गुपचूप निघून गेले, सँडी हूकला पोचले आणि तिथून न्यूयॉर्कला. म्हणजे निकाल असा काही लागला नाही, पण आदल्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत उपाशी-थंडीत कवायत शिकलेली माणसं ब्रिटिश फौजेसमोर उघड्या मैदानात टिकली, हीच मोठी गोष्ट होती. आणि त्या दिवशी ऊन इतकं भयंकर होतं की दोन्हीकडचे कितीतरी सैनिक गोळी न लागता नुसत्या उष्माघाताने गेले.

हे ऊन महत्त्वाचं आहे, कारण रीएनॅक्टमेंटही त्याच ऋतूत होते. आपण सुती कपडे, टोपी, सनस्क्रीन लावून उभे आणि समोर माणसं लोकरी कोट, वेस्ट, गुडघ्यापर्यंत मोजे घालून कवायत करतायत! धाकट्याने पहिलाच प्रश्न विचारला, तुम्हाला गरम नाही का होत? बहुतेक त्यांना दिवसभर हाच प्रश्न विचारत असतील लोक, पण त्या काकांनी शांतपणे कोटाचं अस्तर दाखवलं, आतला लिननचा शर्ट दाखवला, घाम शर्टात मुरतो मग वारा आला की जरा गार वाटतं असं सांगितलं, आणि मग म्हणाले, पण तरीही होतंच रे गरम, आणि त्या दिवशी म्हणूनच माणसं मेली. पुस्तकातली "उष्माघाताने मृत्यू" ही ओळ माझ्या मुलाला त्या एका वाक्यात जितकी कळली तितकी मी कितीही वेळा सांगून कळली नसती.

यावेळी आई पण होती बरोबर. आई तळेगावची, शाळेत इतिहास शिकवायची, आता रिटायर्ड. मला वाटलेलं की तिला ऊन सोसणार नाही, एखाद्या झाडाखाली खुर्ची टाकून देऊ, पण ती सगळ्यात पुढे! राहुट्यांच्या रांगेत शिरली आणि एकेकाला विचारत सुटली, इंग्रजी जिथे अडेल तिथे लेक मदतीला. पगार किती मिळायचा? त्या सैनिकाने कागदी कॉन्टिनेंटल नोटेची नक्कल काढून दाखवली आणि सांगितलं की मिळायचा तेव्हा मिळायचा, आणि मिळाला तरी या नोटांची किंमत इतकी घसरलेली की बाजारात कोणी घ्यायला तयार नसायचं. आई लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच गं, फौजेचा पगार कायम थकलेला." मग शिधा काय? कागदावर रोज साधारण एक पौंड मांस आणि एक पौंड पीठ किंवा ब्रेड, प्रत्यक्षात जे हाती येईल ते. व्हॅली फोर्जला तर पीठ आणि पाणी कालवून निखाऱ्यावर भाजलेला गोळा, फायरकेक म्हणतात त्याला, आपल्या रोडग्यासारखाच पण ना तूप ना वरण, तोच दिवसेंदिवस. मुलांनी तो हातात घेऊन टेबलावर आपटून बघितला.

मग बंदूक. ही बघायला मिळते म्हणून तरी जाच. ब्राऊन बेस म्हणतात त्या ठासणीच्या बंदुकीला, साडेचार किलोच्या आसपास वजन. कागदाचं काडतूस दाताने फाडायचं, थोडी दारू चापाजवळच्या छोट्या खळग्यात (हीच रंजक), उरलेली नळीत, वरून गोळी आणि कागद, गजाने ठासायचं, मग चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, रंजक पेटते आणि मग बार. हे सगळं मिनिटाला तीन वेळा करायचं, समोरून गोळ्या येत असताना, आणि शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावून, कारण या बंदुकीचा नेम लांबवर लागतच नाही, एकदम सगळ्यांनी मारल्या तरच उपयोग. लेकीने विचारलं की मग झाडामागे लपून का नाही मारायचे, मूर्खासारखे रांगेत का उभे राहायचे? तर त्या बाईंनी (हो, बंदूक दाखवणाऱ्या बाई होत्या) तिला लाकडी बंदूक दिली, आणखी काही मुलं रांगेत उभी केली आणि हुकूम दिले. पहिल्यांदा कोणाचं काही एकत्र होईना. तिसऱ्या-चौथ्या वेळेला सगळ्यांचे हात एकदम वर गेले आणि तिला तिचं उत्तर मिळालं, चेहऱ्यावर दिसलं. व्हॅली फोर्जला फॉन स्टॉयबेन नावाचा प्रशियन अधिकारी, इंग्रजी धड येत नसताना दुभाष्यामार्फत हेच करून घेत होता महिनोन्‌महिने.

तोफेचंही तसंच. ओल्या बोळ्याचा दांडा आधी आत फिरवतात कारण मागच्या बारातली एखादी ठिणगी आत राहिली असेल तर नवीन दारू घालताना माणसाचे हात जातील, आणि तोवर एक जण तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती देतात त्या भोकावर, अंगठा दाबून उभा असतो, आत हवा जाऊ नये म्हणून. बत्ती देणं हे सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम. सिनेमात फक्त बत्तीच दिसते आपल्याला.

माझ्यासाठी सगळ्यात आवडती जागा म्हणजे छावणीची मागची बाजू. तिथे बायका कपडे धूत होत्या, मोठ्या कढईत पाणी उकळत होतं, एक जण फाटकी बाही शिवत होती, एका टेबलावर सर्जनची करवत आणि चिमटे मांडलेले. या बायकांना फौजेतून अर्धा शिधा मिळायचा, कपडे धुणं, जखमींची सेवा, पाणी आणणं ही कामं त्यांच्याकडे. आई बघून म्हणाली, "हे आपले बुणगे." आणि मग तिथेच उभी राहून मुलांना पानिपत सांगायला लागली, की फौजेबरोबर किती माणसं होती, बायका, मुलं, यात्रेकरू, व्यापारी, आणि अन्न संपल्यावर त्यांचं काय झालं. ती धुणारी बाई हात थांबवून ऐकत होती, लेक भाषांतर करत होती. मी नुसती बघत राहिले.

मॉली पिचर इथलीच. तोफेवरच्या गोलंदाजांना पाणी आणून देणारी आणि नवरा पडल्यावर स्वतः तोफ भरायला लागलेली बाई अशी गोष्ट सांगतात. मेरी हेज नावाची खरी बाई त्यामागे धरतात, १८२२ मध्ये पेन्सिल्वेनियाने तिला वर्षाला ४० डॉलर पेन्शन दिली. गोष्टीत भर पडत गेली असणार, पण या लढाईत नवऱ्याबरोबर तोफेवर काम करणारी एक बाई बघितल्याचं एका सैनिकाने स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलंय, तोफगोळा तिच्या पायांमधून जाऊन परकराचा खालचा भाग घेऊन गेला आणि ती काम करत राहिली. माझ्या लेकीला वॉशिंग्टनपेक्षा ही बाई जास्त आवडली आणि मला त्याचा फार आनंद झाला.

दुपारची लढाई छान होते. खुर्च्या घेऊन जा, भरपूर पाणी न्या, लहान मुलांच्या कानात घालायला काहीतरी न्या कारण तोफेचा आवाज छातीत जाणवतो. बंदुकीत गोळी नसते, फक्त दारू. धूर इतका होतो की थोड्या वेळाने समोरचं काही दिसत नाही, तेव्हा कळतं की हुकूम ढोल आणि बासरीवर का द्यायचे आणि कोट इतके भडक रंगाचे का. बाकी डिसेंबरमध्ये ट्रेंटनला पण असतं आणि ख्रिसमसच्या दिवशी डेलावेअर नदी ओलांडतात होड्यांतून, १७७६ मध्ये वॉशिंग्टनने ओलांडली तशी, नदीला पाणी-वारा बरा असेल तर. तेही बघण्यासारखं आहे पण थंडी जीव घेते.

धाकट्याचं एकच चालू होतं, आपण कोणाच्या बाजूने? चांगले कोण? इथे वाढणाऱ्या मुलाला शाळेत उत्तर ठरलेलं मिळतं. आम्ही त्याला याच मॉनमथ काउंटीतल्या टायटसबद्दल सांगितलं. गुलाम होता, १७७५ मध्ये मालकाकडून पळाला आणि ब्रिटिशांना मिळाला, कारण बंडखोर मालकांचे जे गुलाम येऊन लढतील त्यांना स्वातंत्र्य देऊ असं व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने जाहीर केलं होतं. पुढे तो कर्नल टाय म्हणून ओळखला जायला लागला आणि त्याच्या धाडींनी हा सगळा भाग हादरवून सोडला. आणि दुसरीकडे वॉशिंग्टनच्या फौजेतही काळे सैनिक होतेच. मुलगा बराच वेळ गप्प होता. नंतर गाडीत म्हणाला, मग तो टाय स्वतःच्याच बाजूने होता.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. मॉनमथला ब्रिटिशांच्या पिछाडीला कॉर्नवॉलिस होता. हाच माणूस १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आला, १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला, टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठा फौजा त्याच्याबरोबर श्रीरंगपट्टणला होत्या आणि १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे. आणि मॉनमथनंतर सात महिन्यांच्या आत, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईहून राघोबादादाला घेऊन निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली, गाव जाळून रिकामं केलेलं, दाणा-वैरण नाही, रातोरात मागे फिरले, जड तोफा तळ्यात टाकून दिल्या आणि वडगावला महादजी शिंद्यांनी कोंडून शरण आणलं. एकाच वर्षभरात इंग्रज जगाच्या दोन टोकांना अडकलेले होते, आणि फ्रेंच अमेरिकेत उतरले तसे पुण्यातही येतील ही त्यांना धास्ती होती, १७७७ मध्ये एक फ्रेंच वकील पेशव्यांच्या दरबारात आलाही होता. आईने हे सगळं कॉम्ब्स हिलवर उभं राहून, जिथे अमेरिकन जनरल ग्रीनच्या तोफा होत्या तिथे, नातवंडांना सांगितलं. आमच्या घरापासून वडगाव काही मैलांवर, आणि मला हे दोन्ही एकत्र जोडायला न्यू जर्सी लागलं याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे काही नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. रायगडावर राज्याभिषेक सोहळा होतो, पन्हाळा ते पावनखिंड पावसात हजारो पोरं चालतात, कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत, दांडपट्टा फिरवणारी मुली-मुलं आहेत, दिवाळीत प्रत्येक वाड्यात किल्ला होतो. पराक्रम आपण उत्तम दाखवतो. पण राहुटीत काय शिजत होतं, बैलांना वैरण कुठून आणायचे, जासूद किती वेळात पुण्याला पोचायचा, तळेगावच्या बाईने स्वतःचं घर जळताना बघितलं आणि ती कुठे गेली, हे दाखवणारी छावणी मला वडगावला बघायचीय. महादजींचा पुतळा आहे तिथे, कार्ल्याला तोफेच्या गोळ्याने पडलेल्या इष्टूर फाकड्याची, म्हणजे इंग्रज कॅप्टन स्टुअर्टची, समाधी पण आहे, शत्रूच्या अधिकाऱ्याला मानाने लक्षात ठेवणारं गाव आहे ते, अशी गोष्ट मॉनमथच्या लोकांना सांगितली तेव्हा ते थक्क झाले.

जानेवारीत सुट्टीवर जाणार आहोत तेव्हा खंडाळ्याहून कार्ला, तळेगाव आणि मग वडगाव असं इंग्रज ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने मुलांना न्यायचं ठरलंय. आईने तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून ठेवलेत, त्यातला एक दांडपट्टा शिकवतो, एकाकडे शेतात बैलगाडी आहे. लेकीने आत्ताच यादी करायला घेतलीय, मराठा फौजेत बुणग्यांचा शिधा किती असायचा हे तिला शोधून काढायचंय. कोणाला याबद्दल वाचलेलं असेल तर खरंच कळवा, तिला हवंय.