बारा पत्र्यांसाठी छत्तीस दिवस

नेपाळला जाण्यापूर्वी तेथे कोणते काम करायचे, याची चौकशी मी अनेकदा केली होती. रात्री झोपायचे कोठे, हे मात्र एकदाही विचारले नाही. संस्थेच्या पत्रात ‘गावात राहण्याची सोय आहे’ एवढे एकच वाक्य होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सिंधुपाल्चोक जिल्ह्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे दगावली. मातीच्या गाऱ्यात दगड रचून बांधलेली घरे कोसळली आणि त्यांच्याबरोबर शाळाही गेल्या. त्याच वर्षी रावेर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झाले होते. बांबू आणि पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत लहान मुलांना गणित शिकवण्यासाठी तीन महिने देण्याचे मी ठरवले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. भुसावळहून गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने सोनौलीची सीमा. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते.

‘सोय’ म्हणजे डोंगरउतारावरील पायरीच्या शेतात चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री होती. आम्ही तिघी होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते चालून गेले, पण सुमारे सतराशे मीटर उंचीवर पुढे काय होणार, हे गावातल्या बायकांच्या चेहऱ्यावरून कळत होते. ‘गुरुआमा, जाडो आउँदै छ,’ असे त्या रोज सांगत, म्हणजे थंडी येते आहे. त्या स्वतः जस्तापात्याखाली, म्हणजे पन्हळी पत्र्यांच्या खोपटांत राहत होत्या. आम्हालाही तेच हवे होते. पत्रे विकत घ्यावेत तर सप्टेंबरच्या अखेरीपासून सीमेवर मालवाहतूक अडलेली असल्याने दुकानांत माल नव्हता. गावातील सर्व घरांना वाटप झाल्यावर उरलेले पत्रे मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीच्या गोदामात पडून होते. आम्हाला बारा पत्रे पुरणार होते.

११ ऑक्टोबर, रविवार, या दिवशी मी पहिल्यांदा त्या कचेरीत गेले. तेथे तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे आणि रविवारी कामकाज चाले. गावापासून दीड तास उतार उतरायचा, मग गाडी मिळाली तर मिळाली, कारण डिझेलचा तुटवडा होता. लिपी देवनागरीच असल्यामुळे अर्ज मला वाचता आला, पण त्यातील पहिलाच रकाना घरधनीच्या नावाचा होता आणि दुसरा भूकंपपीडित परिचयपत्राच्या क्रमांकाचा. आम्ही घरधनी नव्हतो आणि पीडितही नव्हतो. खिडकीतील गृहस्थांनी अर्ज परत सरकवला आणि दसैंनंतर या, असे सांगितले. दसैं म्हणजे तेथला दसरा. घटस्थापनेपासून पौर्णिमेपर्यंत गावे माणसांनी भरतात आणि कचेऱ्या बराच काळ बंद राहतात.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, मी पुन्हा गेले. या वेळी संस्थेचे पत्र जोडले होते आणि परिचयपत्राच्या रकान्यात माझ्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहिला होता. अर्ज घेतला गेला, तपासला गेला आणि तारखेवर थांबला. नेपाळची सरकारी कागदपत्रे विक्रम संवतात चालतात. वर्ष २०७२ होते, ते मी बरोबर लिहिले होते. महिना मी आपल्या पंचांगाप्रमाणे आश्विन लिहिला, कारण आपल्याकडे आश्विन वद्य प्रतिपदा होती. तेथील महिने सूर्यावर चालतात, त्यामुळे त्यांचा कार्तिक १८ ऑक्टोबरलाच लागला होता. खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज हवा, आणि कोरे अर्ज संपलेले. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो पालकांचे अर्ज भरून दिले आहेत. एका महिन्याच्या नावासाठी मी कोणालाही दारातून परत पाठवलेले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तिसरी खेप ५ नोव्हेंबरची. घरी फोन करणे सोपे जावे म्हणून मनगटावरचे घड्याळ मी भारतीय वेळेवरच ठेवले होते. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे, आणि कार्तिकाच्या मध्यापासून तेथील कचेऱ्या तेव्हा पाचऐवजी चारला बंद होत, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या घड्याळात पावणेचार वाजले होते तेव्हा खिडकी लागत होती. आत माणसे होती, गोदामातील थप्पी दाराच्या फटीतून दिसत होती आणि उद्या या, एवढेच उत्तर मिळाले. त्या रात्री परतीची गाडी नव्हती. एका चहावालीने तिच्या पत्र्याच्या खोपटात मला झोपायला जागा दिली आणि पांघरायला तिची रजई दिली.

मार्ग काढला तो गावच्या मुख्याध्यापकांनी. ते म्हणाले, ‘दिदी, तुम्ही स्वतःसाठी मागता म्हणून अडते, शाळेसाठी मागा.’ त्यांनी शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र लिहिले, त्यात तात्पुरत्या वर्गाला जोडून शिक्षकांसाठी एक खोली, असा उल्लेख केला आणि तारीख स्वतः घातली. ८ नोव्हेंबरला तोच अर्ज त्याच खिडकीत दहा मिनिटांत मंजूर झाला. त्यानंतर तिहार आला, म्हणजे आपली दिवाळी, आणि पत्रे १६ नोव्हेंबरला हाती आले. पहिल्या खेपेपासून छत्तीस दिवस झाले होते. नियम असावेत, हे मला मान्य आहे. पण मदतीला आलेल्या माणसाला कोणत्या रकान्यात बसवायचे, हे खिडकीत बसलेल्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. त्यांना ते ठाऊक होते.

म्हणून जाणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे की निवाऱ्याची जागा, छप्पर आणि ते कोणाच्या नावावर राहील, हे संस्थेकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

खोली मुलांच्या वडिलांनी एका दिवसात उभी केली. खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पन्हळीत मारला तर पाणी आत येते. एक पत्रा दुसऱ्यावर निदान दीड पन्हळ चढवायचा, हे मी तेव्हा शिकले. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या भागात आयुष्य गेल्यामुळे पत्रा म्हणजे उष्णता, अशी माझी समजूत होती. डिसेंबरच्या रात्री आमच्याच श्वासातील बाष्प गार पत्र्याखाली जमून पहाटे अंथरुणावर टपटपू लागले, तेव्हा ती गेली. त्यावर उपाय असा की पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून कापडाचे किंवा गवताचे आतले छत बांधावे आणि वर दोन्ही टोकांना हवेसाठी फट ठेवावी. फट बुजवली की थेंब वाढतात.

वाऱ्याच्या बाजूला आम्ही मक्याच्या ताटांच्या झापा बांधल्या. ही कल्पना माझी होती, आणि त्याचा मला अभिमान आहे, कारण केळीच्या बागेला थंड वारा लागू नये म्हणून आमच्याकडे कडेने असाच आडोसा करतात. बागेत पहाटे धूरही करतात, पण ते उघड्यावर. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये; त्यातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. अंथरूण जमिनीवर नको, विटांवर फळ्या ठेवून खाली प्लास्टिक घालावे. घरून आणलेली गोधडी मला तेथील दोन रजयांपेक्षा अधिक उपयोगी पडली, आणि गॅस मिळत नव्हता त्या दिवसांत डब्यातील बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, चुलीच्या निखाऱ्यावर भाजून आम्ही तिघींनी खाल्ल्या. शौचाला रात्री उताराने जावे लागे. विजेरी आणि तिचे जादा सेल सोबत असावेत, कारण वीज तासन्‌तास नसे.

जानेवारीत निघताना खोली मी शाळेच्या स्वाधीन केली. बारा पत्रे, सहा बांबू आणि एक दार, अशी यादी करून दोन प्रती लिहिल्या आणि त्यांवर पौष २०७२ हा महिना मुख्याध्यापकांना विचारून घातला. एक प्रत माझ्याजवळ आहे. पहिलीच्या मुलांना आता तेथे बसवू, असे ते म्हणाले.