दुसरं का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा तुम्ही विचारता, "एकीवरच का गं थांबलात?" आता नेतेही तेच म्हणू लागलेत. २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडू जास्त मुलांचं बोलले, नागपुरात मोहन भागवतांनी तीनचा आग्रह धरला. आणि तिसरं मूल झालं म्हणून पंचायतीच्या सदस्याला घरी बसवणारा कायदा याच महाराष्ट्राने केला होता. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ होता, लोकसंख्या टिकायला २.१ हवा, हे मीही वाचते.

आजवर मी "परवडत नाही" म्हणत आले. खोटं नाही ते, भांडुपच्या घराचा हप्ता आहेच. पण खरं कारण वेगळं आहे.

२६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा लेक दूधपिती होती. ऑफिस लोअर परळला, माणसं चाळीसेक. ऑफिसने पाळणाघर ठेवायची सक्ती ५० कर्मचाऱ्यांपासून, म्हणजे आम्हाला नाहीच. दुपारी फायलींच्या खोलीत कडी लावून पंपाने दूध काढायचं, बाटलीवर नाव लिहून पॅन्ट्रीतल्या फ्रीजमध्ये ठेवायचं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बाटली बाहेर ओट्यावर दिसली. तिच्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. किती वेळ बाहेर होती, कुणी सांगेना. वास घेतला, कळेना. बाळाला द्यायचा धीर झाला नाही. बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "पावडरचं का नाही देत?" त्यांना स्वतःची दोन मुलं. करी रोडला गाडीत चढले ती ओल्या कुर्त्यावर ओढणी घट्ट धरून. पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "आज वरचं घेतच नव्हती हो." त्या रात्री नवऱ्याला सांगितलं, पुन्हा नाही.

एवढ्याशावरून? हो, एवढ्याशावरूनच. तुम्ही चाळीत चौघं वाढवलीत, मान्य. तुमच्या हाताशी सासू होती, शेजारची काकू होती.

तेव्हा मला वाटायचं, नोकरी सोडली असती तर निभलं असतं. त्या वाटण्याशी मी अजून भांडते. का सोडायची? आणि लेक भातुकलीत दोघींचे संवाद एकटीच बोलते तेव्हा पोटात तुटतं, हेही खरं.

दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ वर आला. मलाही अनुदान नको. मी ३८ची आहे, डॉक्टर म्हणतात वेळ गेलेली नाही. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा सकाळी आठ ते रात्री आठ बाळाला कोण बघणार, तेही सांगा. मग विचार करीन. हो म्हणेनच असं नाही.