पाच फुटी बाईसाठी दोन कॅमेऱ्यांचा पट्टा

मी लग्नाचे फोटो काढते. लग्नाला दोन-दोन कॅमेरे कशाला, असं आमच्या घरचे अजून विचारतात. त्यांना मी अंतरपाटाचं उदाहरण देते. मंगलाष्टकं चालू असतात तोवर सगळं निवांत असतं. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट खाली, अक्षतांचा मारा, वाजंत्री आणि हार, सगळं एकदम. तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत नवरीचा चेहरा जवळून हवा आणि अख्खा मांडवही हवा. लेन्स बदलायला वेळच नसतो. म्हणून एका बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, चोवीस-सत्तर (२४ ते ७० मिलिमीटरची, अख्खा मांडव घेणारी लेन्स) आणि दुसरीवर सत्तर-दोनशे (लांबचा चेहरा जवळ आणणारी).

आता वजनाचा हिशोब. माझे दोन्ही कॅमेरे निकॉन डी७५०, एकेक बॅटरी आणि कार्ड धरून ८४० ग्रॅम. माझ्याकडच्या जुन्या २४-७०चं वजन ९०० ग्रॅम, ७०-२००चं १,५४० ग्रॅम. दोन बॉडी आणि दोन लेन्स मिळून चार किलो १२० ग्रॅम झाले. वर एसबी-७०० फ्लॅश ३६० ग्रॅम, त्याचे चार सेल वेगळे. साडेचार किलो धरा. एवढं वजन सकाळी देवक बसल्यापासून संध्याकाळच्या रिसेप्शनपर्यंत अंगावर. कॅमेऱ्यासोबत डब्यात येणारे दोन अरुंद पट्टे गळ्यात फुली करून घातले, की दुपारच्या पंगतीपर्यंत मान आखडायची आणि रात्री उशीवर डोकं ठेवता यायचं नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिले आणि स्पष्ट सांगितलं, वजन मानेवरून काढा, खांद्यांवर न्या, जमलं तर कमरेला वाटून द्या.

म्हणून दोन्ही कॅमेरे पेलणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, शोधायला घेतला. आमच्या धंद्यात असली कामं चातुर्मासात उरकायची. काढीव मुहूर्तावरची लग्नं सोडली तर तुळशीच्या लग्नापर्यंत हातात वेळ असतो. सांगलीत दुकानात जाऊन अंगावर घालून बघावं इतके प्रकार मिळत नाहीत, त्यामुळे ओळखीच्या फोटोग्राफरांकडे जे जे होतं ते मागून आणून बघायचं ठरवलं. हे फार बरं झालं. हार्नेसच्या जाहिरातीत माणूस नेहमी ताठ उभा असतो. लग्नात मी ताठ उभी असते असं क्वचितच घडतं. होमासमोर मांडी घालून बसायचं, स्टेजच्या कडेला उकिडवं बसायचं, वरातीपुढे उलटं चालायचं, करवलीच्या मागून वाकून फोटो घ्यायचा.

पहिला मिळाला चामड्याचा. होल्डफास्टचा मनीमेकर नावाचा अमेरिकन हार्नेस आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, पाठीवर जोड, दोन्ही बाजूंना सरकत्या कड्या, एकदम रुबाबदार. हा त्याच पद्धतीचा, पण इथेच कोणीतरी करून दिलेला होता. दिसायला सुंदर, हे मान्यच. पण माझ्या बऱ्याच ऑर्डरी देवळातल्या लग्नांच्या असतात, आणि कितीतरी देवळांत चामड्याचा कमरपट्टासुद्धा बाहेर काढून ठेवायला लावतात. पुजाऱ्याशी हुज्जत घालत उभं राहायची माझी तयारी नाही, आणि माझ्या मते घालूही नये. शिवाय पावसाळ्यात कोकणातल्या नातेवाइकांकडे चामड्याच्या चपलेला चार दिवसांत बुरशी धरते ते मी बघितलंय. चामडं तिथेच बाद.

मग कमरेचा पट्टा. याच्यात खांद्यावर काहीच नसतं. कमरेला जाड पट्टा, त्यावर दोन्ही बाजूंना खाचा, कॅमेऱ्याच्या तळाला धातूची खुंटी, ती खाचेत बसवायची. स्पायडर कंपनीमुळे हा प्रकार सगळ्यांना माहीत झाला. चालताना आणि उभं राहून काम करताना याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही, मान एकदम मोकळी. पण मांडी घालून बसले की दोन्ही लेन्स मांड्यांत रुतायच्या, आणि उठताना दोन्ही हात कॅमेऱ्यांना लागायचे. ज्यांचं काम उभ्याने चालतं, म्हणजे मैदानावरचे, फॅशनवाले, त्यांनी जरूर बघावा. आपल्याकडच्या लग्नात निम्मं काम जमिनीवर बसून असतं.

छातीवर कॅमेरा अडकवायचं जाकीटही एकाने आणून दाखवलं. जंगलात फिरणाऱ्यांना ते छान. मे महिन्यात, लॉनवरच्या लग्नात, कुर्त्यावर? नको.

शेवटी राहिला नायलॉनच्या पट्ट्यांचा हार्नेस, सॅकसारखे दोन्ही खांद्यांवर येणारा. यातही दोन जाती आहेत. एकात समोरून पट्टे फुलीसारखे एकमेकांवरून जातात. बाईच्या अंगावर ती फुली जिथे येते तिथे सतत घासते, आणि लग्नघरात चार माणसांत ती सारखी करत बसायची मला इच्छा नव्हती. दुसऱ्यात पट्टे दोन्ही बाजूंनी सरळ खाली येतात आणि छातीच्या वरच्या भागात, गळ्याच्या हाडांखाली, एक आडवी पट्टी त्यांना धरून ठेवते. ती पट्टी वर-खाली सरकणारी असली पाहिजे. बायकांनी हे एवढं नक्की बघावं, कारण एका जागी शिवलेली पट्टी हमखास चुकीच्या जागी येते. पाठीवरचा जोड मानेच्या मणक्यावर न टेकता खाली, दोन खवाट्यांच्या मध्ये यायला हवा. खांद्यावरची गादी रुंद हवी, पण फार जाड नको. जाड गादी मऊ वाटते, तिच्याखाली घाम मात्र निथळतो.

हा प्रकार ठरला, तरी अडचण संपली नव्हती. माझी उंची पाच फूट. पट्टा सगळ्यात आखूड केला तरी, ज्या मित्राचा हार्नेस आणला होता त्याच्या मांडीशी येणारा कॅमेरा माझ्या गुडघ्याजवळ लोंबायचा. घरी कॅमेऱ्यांच्या जागी पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या अडकवून मी सगळ्या हालचाली करून बघितल्या. बसणं, वाकणं, जिने चढणं, उलटं चालणं. जावेला हसू आवरेना. पण या बाटल्यांनी जे शिकवलं ते एकाही माहितीपत्रकात नव्हतं.

कॅमेरा तळाला अडकवला की तो उलटा लोंबतो, म्हणजे फ्लॅश जमिनीकडे. डी७५०ची उंची ११३ मिलिमीटर, एसबी-७००ची १२६. म्हणजे कडीपासून खाली जवळपास २४ सेंटिमीटर सामान. मांडी घातल्यावर माझं कमरेचं हाड जमिनीपासून वीतभरच वर असतं. कडी कमरेच्या हाडाशी ठेवली तर बसताक्षणी फ्लॅश फरशीवर आपटणार आणि सगळा दाब हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या कॅमेऱ्यावरच्या खाचेवर, येणार. त्यामुळे कडी कमरेच्याही वर, जवळजवळ शेवटच्या बरगडीशी यायला हवी. उभं असताना हे थोडं विचित्र दिसतं, कोपर जास्त वाकवावं लागतं. मला चालतं. लांबी बसून मोजायची, उभं राहून नाही.

इतका आखूड तयार हार्नेस काही मिळेना. मग साधा, मजबूत नायलॉनचा घेतला आणि बाजारातल्या बॅग शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी पट्टा उलटापालटा करून बघितला. “ताई, स्लॅबवर काम करणाऱ्यांचा असतो तसला दिसतोय. माणूस लटकवायचाय का?”

“माणसापेक्षा महाग आहे, काका.”

ते हसले, पण काम मन लावून केलं. जादा पट्टा कापून टोकं आचेवर वितळवली, म्हणजे धागे सुटत नाहीत. जोडावर चौकोन काढून आत फुलीची टीप घातली, नायलॉनच्या दोऱ्याने. सुती दोरा घामाने कुजतो, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं होतं की नुसत्या दोन आडव्या टिपा मारा, लवकर होईल. त्यांनी ऐकलं नाही. वजन सारखं हिसके देणार असेल तर ताण चारी बाजूंना वाटला जायला हवा, हे त्यांचं म्हणणं. फिजिओथेरपिस्ट बाईंचं माझ्या मानेबद्दल हेच म्हणणं होतं.

पट्ट्यावर कडी सरकते, पण कुठपर्यंत सरकावी याला अटकाव हवा. नाहीतर वाकलं की दोन्ही कॅमेरे समोर येऊन एकमेकांवर आदळतात, आणि चालताना पाठीमागे जातात. पुढे एक आणि मागे एक अशी अडसराची क्लिप प्रत्येक बाजूला लावली. त्याशिवाय पट्ट्याची खालची टोकं एका पातळ कमरपट्ट्याला अडकवली. त्याने वजन फारसं उचललं जात नाही, पण झोके कमी होतात, आणि माझ्या मते मान दुखण्यामागे वजनाइतकाच झोक्यांचाही हात असतो.

आता अडकवायचं कशाने, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक त्याच्याकडेच सगळ्यात कमी बघतात. ट्रायपॉडच्या पाव इंची भोकात स्क्रू घालून त्याला कडी, ही नेहमीची पद्धत. चालताना कॅमेरा फिरत राहतो आणि तोच फिरवून फिरवून स्क्रू ढिला करतो. रबराचा वायसर मध्ये असेल तर तो बराच धरून ठेवतो. मी नुसत्या स्क्रूऐवजी ट्रायपॉडच्या डोक्यात थेट बसणारी, बाजूला कडी असलेली प्लेट घेतली, म्हणजे ग्रुप फोटोच्या वेळी काही उघडावं लागत नाही. प्लेट घेताना बॅटरीचं झाकण उघडतं का ते बघून घ्यायचं. कॅराबिनर, म्हणजे प्लेट हार्नेसला जोडणारा हूक, स्क्रूने बंद होणाराच, नुसत्या स्प्रिंगचा नको. गर्दीत कोणाचं उपरणं, कोणाचा शालू त्यात अडकून तो उघडू शकतो.

सत्तर-दोनशे मात्र बॉडीला न अडकवता लेन्सच्या कॉलरला, म्हणजे त्या खालच्या पायाला, अडकवायची. दीड किलोची लेन्स बॉडीवरून लोंबली तर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो. पायाला अडकवल्यावर तोल बरोबर मध्ये साधतो. यात एक तोटा आहे. कॅमेरा आडवा राहतो आणि लेन्स हूडसकट, म्हणजे तोंडावरच्या उजेड अडवणाऱ्या कडेसकट, पाठीमागे बाहेर येते, नेमकी चार-पाच वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या उंचीला. मांडवात अशी पोरं सगळीकडे धावत असतात. म्हणून गर्दीतून जाताना डावा हात हूडवर ठेवायची सवय लावून घेतली. आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या वरच्या कडीतून एकेक मजबूत दोरी थेट हार्नेसला बांधलेली असते. प्लेट सुटलीच तर कॅमेरा वीतभर खाली जाईल, जमिनीवर नाही. मुहूर्ताआधी दोन्ही स्क्रू हाताने एकदा पिरगाळून बघायचे, हे आता आपोआप होतं.

कुठला कॅमेरा कुठल्या बाजूला, यावर माझा सहकारी दादा आणि मी अजून भांडतो. तो सत्तर-दोनशे उजवीकडे ठेवतो. मी डावीकडे. मला लांब लेन्स उचलताना डावा हात तिच्या पायाखाली हवा असतो, उजवा मागून पकडीवर येतो. चोवीस-सत्तर उजवीकडे, कारण ती एका हाताने पटकन वर येते. शिवाय फ्लॅश चोवीस-सत्तरच्या बॉडीवर चढवला की सेलसकट उजवी बाजू सव्वादोन किलोंच्या आसपास जाते आणि डावी दोन किलो ३८० ग्रॅम असते. दोन्ही खांदे जवळपास सारखे. फ्लॅश काढला की हार्नेस लगेच डावीकडे ओढतो, हे आरशात बघितलं तरी कळतं. दादाचे खांदे रुंद आहेत, त्याला हा फरक जाणवत नसेल, एवढंच मी मान्य करते.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीपासून हाच हार्नेस वापरतेय. मान दुखत नाही असं नाही, मोठ्या लग्नानंतर खांदे बोलतातच, पण उशीवर डोकं ठेवता येतं. पंगत चालू असताना मात्र मी तो सरळ उतरवते. जेवताना कॅमेरे अंगावर ठेवण्यात कसलीही मर्दुमकी नाही, आणि तेवढ्या अर्ध्या तासाने दुपारनंतरचं काम सोपं होतं. कॅमेरे तेवढा वेळ दादाच्या डोळ्यांसमोर, मग त्याची पाळी.

देखभाल फार नाही. सरकत्या कड्यांमध्ये अक्षता अडकतात. एक तांदूळ बसला तरी कडी मध्येच थांबते आणि कॅमेरा डोळ्यापर्यंत येत नाही, म्हणून घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने साफ करते. उन्हाळ्यात घामाचे पांढरे डाग पडतात, साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला की जातात. काकांची टीप दर चातुर्मासात एकदा उजेडात धरून बघायची. आणि रंग काळाच घ्या. दुकानात करडा आणि खाकी फार छान दिसतात, पण हळदीच्या कार्यक्रमात नवऱ्याच्या मित्रांना फोटोग्राफरही सोडवत नाही.