शेवटचा ई

रविवार, रात्रीचे पावणेबारा

"आई, मी अशी गलती करत नाही."

ओजू एवढंच म्हणाला. सकाळी पोहे खाता खाता, एसएसटीची, म्हणजे सामाजिक शास्त्राची, कॉपी चाळताना. ना रागावला, ना रडला. पोह्यांवर आणखी मूठभर शेव घातली आणि पुढे खायला लागला. मी मात्र दिवसभर ते वाक्य घेऊन फिरतेय. भांडी विसळताना, जिन्यात वाळलेले कपडे काढताना. अशी गलती करत नाही. बरं बाबा, नाही करत. पण मग मी कुणाची केली?

ओजूला कांजण्या निघाल्यापासून घरात फोडणीचा आवाज नव्हता. सासूबाईंचा हुकूम. उशाशी कडुनिंबाची डहाळी, पानात बिनफोडणीचं वरण. डॉक्टरांचं वेगळंच, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. दोघांचंही ऐकलं. त्यात शाळेचे नऊ दिवस गेले. खपल्या धरल्या तोवर वर्गाच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडलेला: शुक्रवारपर्यंत सगळ्या कॉपीज कम्प्लीट हव्यात, कॉपीचे 5 मार्क आहेत.

(पुण्याच्या ताईला हे फोनवर सांगितलं की ती अजून हसते. तिच्याकडे कॉपी म्हणजे नक्कल. अगं, इंदूरला वहीला कॉपीच म्हणतात, हे तिला वीस वर्षं सांगतेय. गुरुवारी रात्री तिचाच अर्थ खरा ठरला, ते मात्र तिला सांगितलेलं नाही.)

पानं मागायची म्हणजे ग्रुपवर हात पसरायचे. पहिल्या दिवशी नुसत्या निळ्या खुणा. दुसऱ्या दिवशी एका मम्मीनं "जी, अभी भेजती हूँ" म्हटलं, आणि रात्री दहाला 31 फोटो आले. निम्म्यांवर तिच्या अंगठ्याची सावली. मी तीनदा थँक्यू लिहिलं. तीनदा कशाला? माझ्या वेळी बाबा लूनावर रामबागेत जाऊन मैत्रिणीची वही आणायचे, सकाळी शाळेआधी परत करायच्या बोलीवर. लिहायचे मात्र नाहीत ते. शेजारी पेपर धरून बसायचे आणि मधेच "झालं का गं?" असो.

ओजूला बसवलं होतं मी. वीस मिनिटांत डोळ्यांतून पाणी, मान खाली. यांची बी शिफ्ट, पीथमपूरहून यायला रात्र. मग मीच बसले. फक्त एक धडा, म्हणून.

खोटं कशाला बोलू, मजा आली. त्याचा इंग्रजी जी खाली आकड्यासारखा वळतो, तो जमला. आयच्या डोक्यावर टिंबाऐवजी गोळा देतो, तोही. पृथ्वीच्या गोलासाठी वाटी मोठी पडली, म्हणून हातातली दोन-सहाची बांगडी काढून ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. मधोमध इक्वेटर. वर साडेतेवीस अंशांवर कर्करेषा, खाली तेवढ्यावरच मकररेषा. आपली कर्करेषा उज्जैनच्या जराशी वरून जाते, म्हणजे इथून महाकालला गेलं की थोडं पुढेच. हे त्याला सांगायचं म्हणून मनात ठेवलं आणि मग लक्षात आलं, धडा तर मी शिकतेय, तो आत झोपलाय.

दीड वाजला. सगळं फार नेटकं दिसायला लागलं, तेव्हा भीती वाटली. म्हणून चुका पेरल्या. हो, पेरल्या. 31 पानांत सात-आठ. एका ठिकाणी लॅटिट्यूडचा शेवटचा ई गाळला, कारण ओजू शेवटचा ई गाळतो.

काल कॉपी परत आली. पानापानावर बरोबरच्या एवढ्या मोठ्या टिका, शेवटी सही आणि तारीख. एकाही चुकीभोवती लाल गोल नाही. ते बघून आधी काय वाटलं असेल तर वाईट वाटलं, आणि तेही स्वतःसाठी. एक 'गुड' तरी! माझा पृथ्वीचा गोल, माझी बांगडी, दीड वाजेपर्यंतचे माझे डोळे. या घरात कुणी कधी बघितलंय का मी काय करते ते? वगैरे वगैरे. काल रात्री हे फार खरं वाटत होतं. एक्केचाळीसाव्या वर्षी मॅडमच्या लाल पेनाची वाट बघत बसले होते, हे आज दुपारी कळलं आणि एकटीच हसले. चाळीस पोरांच्या कॉप्या त्या बाईंनी तरी कधी वाचाव्यात? त्यांच्याही घरी कुणीतरी आजारी असेल.

काल रात्री नियमही वाचून काढले, भांडायला उपयोगी पडतील म्हणून. 2020 मध्ये केंद्र सरकारनं दप्तराचं धोरण आणलं, त्यात गृहपाठाचंही आहे. दुसरीपर्यंत अजिबात नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी रोज एक तास. त्यापुढे दोन. ओजू सहावीत, म्हणजे रोजचा एक तास. नऊ दिवसांचे नऊ तास, शिवाय वर्गात लिहून दिलेलं वेगळं, शिवाय आजचं आजचं आहेच. खपल्या धरलेल्या पोराच्या एका तासात हे सगळं कसं मावायचं? सोमवारी जाऊन विचारणार होते. पण कुठल्या तोंडानं? कम्प्लीट कॉपी माझ्याच हातात होती.

आणि मग सकाळी ते वाक्य.

आता सगळे झोपलेत. त्याची जुनी पानं काढून बसलेय. लॅटिट्यूड त्याच पानांवर अकरा वेळा आहे. मोजलं. अकराही वेळा शेवटचा ई जागच्या जागी. मग तो ई गाळतो, हे माझ्या डोक्यात आलं कुठून? कपाटातून तिसरीची कॉपी काढली, तेव्हा सापडलं. 'लाइक'ला ई नाही, 'हॅव'ला ई नाही. आणि जीचा आकडा, आयवरचा गोळा, तेही सगळं तिथलंच. आताचा त्याचा जी सरळ खाली जातो. आयवर साधं टिंब आहे. अक्षर उजवीकडे कललंय, केव्हा कललं कोण जाणे. रोज रात्री दप्तर मीच भरते ना?

तिसरीतल्या ओजूची नक्कल केली मी, 31 पानं.

म्हणजे एकाच कॉपीत दोन अक्षरं, आणि तीही हातभर वेगळी. ते मॅडमना दिसलं नसेल असं होऊच शकत नाही. तरी टिका मारल्या. दया आली म्हणून, की कंटाळा म्हणून? विचारायची सोय नाही. विचारलं तर दोघींनाही ओशाळं व्हायला होईल.

माझ्या पेरलेल्या चुकीपाशी ओजूनं एक ई घुसवलाय. जागा नव्हती, म्हणून तो वर चढून बसलाय, निळा, जरा मोठाच. बाकीच्या सहा-सात चुका सापडल्याच नाहीत की सोडून दिल्या, माहीत नाही. मलाही त्या आता शोधून सापडत नाहीयेत.

मंगळवारी हिंदीची कॉपी द्यायची आहे. चौदा पानं. दुपारी म्हणाला, "तू फक्त बोल, मी लिहितो." मी बोलत गेले, तो लिहीत गेला. शब्दार्थ संपले, विलोम म्हणजे विरुद्धार्थी शब्द संपले आणि तिसऱ्या पानावर वाक्य अर्धं टाकून तो तिथेच आडवा झाला. पेन उघडंच होतं. चादरीवर शाईचा डाग.

टोपण लावलं. अकरा पानं कोरी आहेत. उद्या डायरीत लिहून देईन: आजारपणामुळे अकरा पानं बाकी, हळूहळू पूर्ण करेल. हिंदीत लिहावं की इंग्रजीत, ते सकाळी बघू.

त्या अकरा पानांना मी हात लावलेला नाही. फक्त पट्टी घेऊन मार्जिनच्या रेघा मारून ठेवल्यात. तेवढ्या चालतात.