लाल कार्ड दाखवल्यानंतर

सांगलीतल्या त्या फुटबॉल मॅचला मी पंच होतो, गर्दी चांगली होती. एका बाजूला मिरजेची पोरं, समोर कोल्हापूरचा संघ, आणि कोल्हापूर म्हटलं की टेम्पो भरून माणसं येतातच. उत्तरार्धात मिरजेच्या चार नंबरनं गोलकडे निघालेल्या फॉरवर्डचा शर्ट पेनल्टी क्षेत्रात मागून धरला. पहिल्या हाफमध्ये त्याला एक पिवळं कार्ड मिळालेलं होतं, आणि दोन पिवळी म्हणजे लाल. मी पेनल्टी दिली, दुसरं पिवळं दाखवलं आणि लगेच लाल. पोरगं पेनल्टी स्पॉटवरच खाली बसलं.

"मी जाणार न्हाई सर. काय करायचं ते करा."

लोकांना वाटतं पंचाच्या हातात सगळं असतं. अशा वेळी फार थोडं असतं. खेळाडूला हात लावायचा नाही, दंडाला धरून ओढायचं तर नाहीच. लाल कार्ड मिळालेल्यानं मैदानाचा परिसर आणि टेक्निकल एरिया, म्हणजे कोच आणि राखीव खेळाडूंची जागा, दोन्ही सोडायचे, एवढं नियमात आहे. तो हलत नसेल तर कॅप्टनला सांगायचं, वाजवी वेळ द्यायचा, आणि तरीही गेला नाही तर सामना तिथंच थांबवून अहवाल द्यायचा. किती मिनिटं थांबायचं हे मात्र पंचानंच ठरवायचं असतं.

मी आधी त्याच्यापासून लांब झालो. माझं ठाम मत आहे की कार्ड हातात घेऊन पोराच्या डोक्यावर उभं राहिलं, की ते पोरगं उठूच शकत नाही. त्याचे दोस्त बघत असतात, समोरचे हसत असतात. घड्याळ बघून वेळ टिपली आणि लाइनवरच्या सहायकाकडे गेलो. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत निर्णय बदलता येतो, म्हणून खात्री करून घेणं माझं काम होतं. "शर्ट धरणारा हाच ना?" त्यानं मान हलवली. "चार नंबरच, सर. स्पष्ट दिसलं."

तोवर पोरानं नवा मुद्दा काढला. "तो केपा गेला होता का बाहेर? त्याला कुणी काय केलं?"

मोबाइलवर सगळ्यांनी ते बघितलेलं असतं. 2019 च्या लीग कप फायनलमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चेल्सीचा गोलकीपर केपा यानं बाहेर यायला नकार दिला, कोच मॉरिझिओ सारी बाजूला थयथयाट करत राहिले आणि केपा खेळत राहिला. पण ती बदली होती. बदलायचा खेळाडू बाहेर यायला तयार नसेल तर खेळ चालू राहतो, नियमच तसा आहे. ते भांडण कोच आणि खेळाडूचं. लाल कार्डाला ही सवलत नाही. मी हे मोठ्यानं सांगितलं, म्हणजे त्याच्या बाकीच्या पोरांनाही कळावं.

जुन्या वेम्बलीवर 23 जुलै 1966 ला, वर्ल्ड कपच्या मॅचमध्ये, बाहेर काढलेला अर्जेंटिनाचा कॅप्टन रॅटिन असाच अडून बसला होता. जर्मन पंच क्राइटलाइन यांना स्पॅनिश येत नव्हतं, रॅटिनला जर्मन. बराच वेळ खेळ खोळंबला, शेवटी त्या स्पर्धेतल्या पंचांचे प्रमुख केन ॲस्टन यांना मध्ये पडावं लागलं. पुढे त्यांनीच सिग्नलच्या दिव्यांवरून पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना काढली आणि 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपला कार्डं आली. कार्डानं निर्णय सगळ्यांना कळतो. पण तो पचवायला वेळ लागतोच, आणि तो वेळ पंचानं द्यायला हवा.

मी कॅप्टनला बाजूला घेतलं. "हे बघ, तो उठला नाही तर मी मॅच बंद करणार. पुढं काय ते समिती ठरवेल. दहा जणांचा खेळ वाया जाईल. ओरडू नकोस त्याच्यावर. नक्की काय अडलंय तेवढं विचार."

कॅप्टन त्याच्याजवळ उकिडवा बसला. पोरगं मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होतं, परत बांधत होतं. थोड्या वेळानं कॅप्टन उठून आला. "सर, त्याचा बा आलाय मॅच बघायला. पहिल्यांदाच. मंडपाच्या पुढनं जायची लाज वाटाय लागल्या त्याला."

मंडप मैदानाच्या लांब बाजूला होता आणि सगळे खेळाडू तिथूनच ये-जा करत होते. पण लाल कार्ड मिळालेल्यानं बाहेर कुठून जायचं हे नियमात कुठंच नाही. मी म्हटलं, "मग गोलच्या मागनं जाऊ दे. भिंतीकडेनं थेट कपडे बदलायच्या खोलीत. सोबत संघाचा एक माणूस द्या, आणि परत बेंचवर येऊन बसायचं नाही."

त्यांचे वयस्कर कोच, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते फिरून गोलमागे गेले आणि तिथूनच हाक मारली, "ये रं बाळा." पोरगं उठलं, कुणाकडे न बघता गोललाइन ओलांडून गेलं.

पेनल्टी झाली, गोलही झाला. गेलेला वेळ मी शेवटी वाढवून दिला. मॅच संपल्यावर कोल्हापूरचे मॅनेजर तावातावानं आले. "एवढे लाड कशाला, सर? दोन मिनिटांत मॅच आमच्या नावावर करायची होती." मी त्यांना सांगितलं की मॅच कुणाच्या नावावर करायचा अधिकार पंचाला नसतो, ते समितीचं काम. माझं काम मॅच पुरी करण्याचं, आणि ती पुरी झाली.

अहवालात कार्डाची वेळ, त्याचे शब्द जसेच्या तसे, कॅप्टनशी झालेलं बोलणं, तो मैदानाबाहेर गेल्याची वेळ, सगळं लिहिलं. नकार दिला हेही लिहिलं, त्यात काही मऊ केलं नाही. वडिलांचा उल्लेख केला नाही. समितीला शिक्षा ठरवायला त्याची गरज नव्हती.