गुन्हा केला होता, मग भांडण कसलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. परवा गोव्यात पेडण्याला, अमली पदार्थांच्या कायद्यातली किमान शिक्षेची अट काढा या मागणीसाठी सह्या गोळा करताना एका निवृत्त मास्तरांनीही हेच विचारलं, "गुन्हा केला होतास ना रे? मग कायद्याशी भांडण कसलं?"

केला होता. १९९८ साली मी पायलट होतो, म्हणजे मोटरसायकलवर भाडी मारायचो. एका गिऱ्हाइकाचं पुडकं हरमलला पोचवायचे पाचशे रुपये ठरले होते. आत चरस आहे हे मला ठाऊक होतं. शिवोलीच्या फेरी धक्क्यावर झडती झाली. वजन भरलं ८० ग्रॅम.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात तेव्हा चरसला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होता. स्वतःच्या ओढण्यापुरता चिमूटभर आहे हे सिद्ध केलंत तरच सुटका, नाहीतर ८० ग्रॅमला आणि ८० किलोला खालची पायरी एकच. जामीन मिळाला नाही. दोन वर्षं कच्चा कैदी म्हणून गेली. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? मी म्हटलं, पहिलाच गुन्हा आहे, वडील नाहीत, घरी आई एकटी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दहाच्या खाली यायची मला मुभा नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. ऐकून घेतलेलं वापरायची सोयच कायद्याने त्यांना ठेवली नव्हती.

मला आग्वादच्या तुरुंगात पाठवलं. २ ऑक्टोबर २००१ ला कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. आता शिक्षा वजनावर ठरणार होती. चरस १०० ग्रॅमपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिने. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे तर जवळजवळ तीन वर्षं भरले होते. मग वकिलांनी परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अपवादाची ओळ, वाचून दाखवलं: ज्यांचे खटले अपिलात आहेत त्यांना नवा कायदा लागू नाही. माझं अपील पडून होतं. शेजारच्या पथारीवरच्या पोराकडे माझ्याइतकाच माल सापडला होता, पण त्याचा खटला अजून चालू होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि महिन्याभरात घरी गेला. त्याचा खटला रेंगाळला म्हणून तो सुटला, माझा लवकर संपला म्हणून मी राहिलो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते परंतुक वैध ठरवलं.

खुनाच्या कैद्यांना २६ जानेवारीला माफीचे दिवस मिळायचे. एनडीपीएसवाल्यांना कलम ३२-अ मुळे माफी नाही. दंड भरता आला नाही, त्याचं वर्ष वेगळं. आई दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकायची आणि त्यातूनच मला तुरुंगात भेटायला यायचं बसभाडं काढायची. २००६ नंतर तिचे पाय चालेनात. मी २००९ मध्ये सुटलो, तेव्हा तिने मला आवाजावरून ओळखलं.

मास्तरांना मी एवढंच म्हटलं, निर्दोष माणसाची बाजू सगळे घेतात. गुन्हा केलेल्याला किती शिक्षा, हे कोण बघणार?

अमली पदार्थांनी आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांचं वाटोळं केलंय, हे मी नाकारत नाही. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४-अ याच कायद्यात आहे. मी भेटलेल्या एकाही घराला ते माहीत नव्हतं.

व्यावसायिक प्रमाणाला, म्हणजे कायद्याने धंद्याचा माल म्हणून ठरवलेल्या वजनाला, आजही किमान दहा वर्षं आहेत. एमडीएमएला, म्हणजे पार्ट्यांतल्या नशेच्या गोळ्यांतल्या पदार्थाला, ते प्रमाण १० ग्रॅमपेक्षा जास्त. गोळीतली भेसळही वजनात धरायची, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं, त्यामुळे पार्टीत गोळ्या पोचवणारं पोर फार लवकर तिथे पोचतं. मग कलम ३७: हा दोषी नाही असं मानायला आधार दिसला तरच जामीन. आमची मागणी साधी आहे. किमान शिक्षेची अट काढा, न्यायाधीशांना माणूस बघू द्या, आणि जामीनही त्यांच्यावर सोडा.

गेल्या महिन्यात म्हापशाच्या कोर्टाबाहेर एक बाई डबा घेऊन उभी होती. मुलगा आत. वकील काय म्हणाले विचारलं, तर तिने कॅलेंडरचं फाडलेलं पान दाखवलं. त्यावर फक्त ग्रॅम लिहिले होते. पुढची तारीख मंगळवारी आहे, मी जाणार आहे.