शिलाई मशीनवरचा मिक्सर

आमच्या घरात दोन मिक्सर आहेत आणि त्यावरून रोज घोळ होतो. एक ओट्यावरचा, चटणीचा. दुसरा हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी, हिच्या पायाच्या शिलाई मशीनवर बसलेला. त्याच्यावर टॉवेल टाकलेला असतो, त्यामुळे नवा माणूस पोपट पाळलाय का म्हणून विचारतो. समोरच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, यात ओल्या खोबऱ्याची चटणी होते का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मिक्सर कसला?"

त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे मिक्सर म्हणजे वाटण. हा वाटत नाही. हा मळतो, फेसतो, घुसळतो. इंग्रजीत याला स्टँड मिक्सर म्हणतात. आमची ही त्याला "तुमचं धूड" म्हणते.

धूड आलं भाच्याकडून. तो न्यू जर्सीतला संसार आवरून परत आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही रिटायर झालात, पाव करून बघता, तुम्हीच ठेवा." वजन 11 किलो. मी सगळी नोकरी वीज खात्यात काढलेली, त्यामुळे खोकं उघडल्यावर रंग वगैरे बघायच्या आधी उलटं करून पाटी वाचली. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 300 वॉट. आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. हर्ट्झची काळजी नव्हती. कार्बन ब्रशची मोटर असते, तिला 50 काय आणि 60 काय. पण व्होल्टेज दुप्पट दिलं तर पहिल्याच पावात धूर. मग लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन 750 व्हीएचा (वॉटसारखंच क्षमतेचं माप) स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर आणला. मोटर सुरू होताना करंट जास्त खेचते, म्हणून 300 वॉटला 300चाच घेऊन भागत नाही. तो ट्रान्सफॉर्मर आणखी साडेसात किलो. बसमधून आणताना कंडक्टर म्हणाला, "काका, बॅगेत वरवंटा आहे काय?" अमेरिकन चपट्या पिनेचा प्लग मी ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटात घालून लाल टेप गुंडाळली आणि वर लिहिलं, "काढू नये." घरात आम्ही दोघंच. ती सूचना कोणासाठी आहे, हे हिने विचारलं नाही, पण बघितलं तसंच.

आता जागा. हे लिहायला बसलो ते खरं तर जागेसाठीच, कारण मिक्सर घेऊ का, असं विचारणारे सगळे वॉट आणि लिटर विचारतात. इंच कोणी विचारत नाही. आमची इमारत परळच्या जुन्या चाळीच्या जागी उभी राहिली. ओटा साडेपाच फूट. त्यातून शेगडी, सिंक, पाण्याचा फिल्टर, चटणीचा मिक्सर आणि मिसळणाचा डबा वजा केला की उरतो सव्वा फूट, आणि त्या सव्वा फुटात पोळ्या लाटायच्या असतात. वरचं कपाट ओट्यापासून 17 इंचांवर. या यंत्राचं डोकं मागे कलतं, भांडं काढा-घालायचं तर ते कलवावंच लागतं, आणि कलवलं की 18 इंचांच्या वर जातं. म्हणजे दर वेळी पुढे ओढायचं, काम करायचं, मागे ढकलायचं. दोन आठवडे केलं. मग माळ्यावर ठेवलं. 11 किलो माळ्यावरून कोणी उतरवत नाही हो. सहा महिने उतरवलं नाही.

पाण्याच्या पिंपावर फळी टाकून ठेवूया, असं हिने सुचवलं होतं. विजेचं यंत्र आणि खाली पाणी! मी नाही म्हटलं ते जरा जास्तच जोरात म्हटलं.

शेवटी शिलाई मशीन सुचलं. बिडाचा पाया, त्यामुळे हलत नाही. ओट्यावर घट्ट कणीक मळताना यंत्र चालायला लागायचं, अक्षरशः एकेक बोट कडेकडे सरकायचं. इथे ते होत नाही. मशीनचं डोकं आत मिटवलं की वरची फळी पोकळीवर येते, तिच्यावर भार नको म्हणून 18 एमएमचा प्लायवूड आडवा टाकला, त्यावर रबरी मॅट. उंचीही नेमकी कमरेशी. फक्त मळणं चालू असताना बातम्या ऐकू येत नाहीत, तो मी फायदाच धरतो.

यंत्राची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ओहायोत हॉबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनियरने 1908 साली एका बेकरीवाल्याला हाताने पीठ घोटताना बघितलं आणि तो कामाला लागला. 1914मध्ये 80 क्वार्टचा, म्हणजे साधारण 75 लिटरचा मिक्सर बाजारात आला, आणि 1919मध्ये घरगुती. तो घरगुतीसुद्धा जवळजवळ 30 किलोंचा होता. (माझं धूड त्या घराण्यातलं नाही, दुसऱ्याच कंपनीचं आहे.) खुबी आहे ती फिरण्यात. पातं स्वतःभोवती एका दिशेने फिरतं आणि भांड्याभोवती उलट्या दिशेने, त्यामुळे भांडं जागचं न हलता कडेचं सगळं पीठ पात्याखाली येतं. पातं तळाला किती जवळ हवं, ते बघायला रिकाम्या भांड्यात रुपयाचं नाणं टाकून सगळ्यात कमी वेगावर फिरवायचं. दर फेऱ्याला नाणं थोडंसं सरकलं पाहिजे. हललंच नाही तर पातं उंच आहे, भांडंभर फरफटलं तर फार खाली. मानेतला स्क्रू थोडाथोडा पिळून जमवायचं. माझं उंच होतं आणि तळाशी साखर राहत होती.

पण ही यंत्रं खरी कशासाठी असतात, ते मला नानकटाईने दाखवलं. लहानपणी दिवाळीच्या आधी आई परातीत तूप घेऊन बसायची आणि तळहाताने फेसायची. पांढरं होईपर्यंत. हात भरून आला की मला बसवायची, माझा भरून आला की पुन्हा ती. मग गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि बेकरीत भाजायला न्यायचे. ट्रे बेकरीवालाच द्यायचा. नावाची चिठ्ठी खोचायची, आणि तरी कोणाची तरी नानकटाई कोणाकडे जायचीच. एका वर्षी आमच्याकडे जी आली ती आमच्यापेक्षा चांगली होती. आईने परत केली नाही.

तेच तूप इथे चपट्या पात्याने सहा मिनिटांत पांढरंशुभ्र होतं. अडीचशे ग्रॅम तुपाला दोनशे ग्रॅम पिठीसाखर, वेग मध्यम, मधे एकदा थांबवून कडा खरवडायच्या. तूप थिजलेलं हवं. मुंबईत मे महिन्यात ते बाटलीतच तेलासारखं असतं, म्हणून आधी फ्रिजमध्ये. मैदा मात्र शेवटी हाताने मिसळतो, यंत्रात जास्त फिरला की नानकटाई दातांना लागते.

पावाचं पीठ आकडा, म्हणजे हुकासारखं वळलेलं पातं, घालून मळतो. अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली पाणी, दुसरा वेग, नऊ मिनिटं. उन्हाळ्यात पाणी फ्रिजचं, कारण घर्षणाने पीठ तापतं आणि आपला नळ आधीच कोमट. उकडीच्या मोदकांची उकड गरम असतानाच चपट्या पात्याखाली दोन मिनिटं, हात भाजत नाही. साय तारेच्या पात्याने घुसळली की लोणी झटक्यात येतं, आणि ताक टीव्हीवर उडतं. तो टॉवेल मुळात त्यासाठी आला.

दोघांच्या पोळ्यांची कणीक यात होत नाही. एवढीशी कणीक आकड्याला लोंबकळत फिरते, मळली जात नाही. ती हीच मळते, चार मिनिटांत.

गेल्या उन्हाळ्यात दीड महिना गावाला होतो. आल्यावर साय घुसळायला घेतली तर दांड्यावरून तपकिरी तेलाचा ओघळ थेट भांड्यात. उकाड्यात यंत्र बंद पडून राहिलं की आतल्या ग्रीसमधलं तेल सुटतं आणि खाली उतरतं. सव्वा लिटर साय गेली. डोकं उघडलं, जुनं ग्रीस खरवडून काढलं, गिअरचे दात तपासले, खाण्याच्या यंत्रांना चालणारं ग्रीस भरलं. एक दुपार गेली, पण सर्व्हिसच्या दिवसांनंतर इतक्या आनंदात मी काही उघडलं नव्हतं. आता दर रविवारी पाच मिनिटं मोकळंच फिरवतो.

हे लिहितोय तोवर ही येऊन सांगून गेली, "अहो, उशांचे अभ्रे शिवायचेत, गुरुवारपर्यंत मशीन मोकळं करून द्या." म्हणजे धूड उचलायचं, प्लायवूड काढायचा, ट्रान्सफॉर्मर हलवायचा. कुठे ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. पिंपाकडे बघून ती गालात हसली.